स्नूकरकडून पूलकडे वळताना क्यू कोणता घ्यावा : अ‍ॅश, मेपल की कार्बन?

नाइनबॉल_पुणे

नमस्कार.

मी मुळात स्नूकर खेळणारा. कॉलेजच्या दिवसांत पुण्यातल्या एका क्लबात हा नाद लागला आणि तेव्हा घेतलेला अ‍ॅशचा क्यू (बॉल मारायची काठी; अ‍ॅश हे एक लाकूड) आजही माझ्याकडे आहे : थ्री-क्वार्टर जॉइंट (जोड मधोमध नसून लांबीच्या तीन-चतुर्थांशावर), पितळी फेरूल (टोकावरचे कडे), साडेनऊ मिलिमीटरची टिप (टोकाला लावलेले चामडे) आणि वजन साधारण १८ औंस. अलीकडे ऑफिसमधल्या मंडळींमुळे पूलकडे वळलो आहे. सुरुवातीला पूलच्या एट-बॉल या प्रकारापुरतेच होते. आता नाइन-बॉलची गोडी लागली आहे आणि पार्लरमधल्या नऊ फुटी टेबलावर आमचा गट नियमाने खेळतो.

अडचण क्यूची आहे. पार्लरच्या हाउस क्यूंपैकी (सर्वांसाठी ठेवलेल्या क्यूंपैकी) एकाची टिप एका बाजूने झिजलेली, दुसऱ्याचे फेरूल हलणारे, तर तिसरा टेबलावर लोळवला की त्याचे टोक नाचू लागते. म्हणून मी माझाच स्नूकरचा क्यू घेऊन जातो. बारीक कट आणि हळुवार शॉट यांत तो उत्तम चालतो. परंतु लांबचा ड्रॉ (पांढरा बॉल मागे फिरवणारा शॉट) मारायचा असला, किंवा साइड (बाजूची फिरकी) देऊन पांढरा बॉल दोन कुशनवरून फिरवून आणायचा असला, की जोर बॉलपर्यंत पूर्ण पोहोचत नाही असे वाटते. ब्रेकसाठी (सुरुवातीला बॉल फोडणाऱ्या जोरदार शॉटसाठी) तर तो वापरण्याचे मला धाडसच होत नाही.

पार्लरमधले जाणकार तीन तऱ्हेचे सल्ले देतात. एक म्हणतात, पूलला मेपल लाकडाचा तेरा मिलिमीटरचाच शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) हवा. दुसरे म्हणतात, आता लाकूड कोण घेतो, सरळ कार्बन घ्या. तिसऱ्यांचे म्हणणे असे की हातात बसलेला क्यू सोडणे हाच शुद्ध वेडेपणा आहे. नियमित पूल खेळणारे प्रत्यक्षात कोणता क्यू पसंत करतात आणि कोणत्या कारणासाठी, हे मला समजून घ्यायचे आहे. ब्रँडच्या नावांपेक्षा कारणे कळली तर अधिक बरे. स्नूकर मी पूर्णपणे सोडणार नाही, आणि खर्चाची तयारी एकाच चांगल्या क्यूची आहे.

हिरवे_टेबल

कारणे विचारली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात बॉलपासून करावी लागेल. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असून त्याचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास असते. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असून त्याचे वजन १७० ग्रॅमपर्यंत जाते. व्यासातला फरक नजरेला किरकोळ वाटतो, पण वजनातला फरक हाताला लगेच कळतो. स्नूकरचा क्यू हलक्या बॉलसाठी आणि अरुंद पॉकेटसाठी घडवलेला असतो. त्याचे टोक बारीक ठेवतात ते बॉलवरचा नेमका बिंदू दिसावा म्हणून. पूलचा क्यू साधारण ५८ इंच लांब, १८ ते २१ औंस वजनाचा आणि १२.७५ किंवा १३ मिलिमीटर टिपेचा असतो. बहुसंख्य खेळाडू १९ औंसांच्या आसपास स्थिरावतात. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत टिपेची रुंदी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि लांबी किमान ४० इंच अशी मुख्य बंधने आहेत, त्यामुळे आपला अ‍ॅशचा क्यू पूलच्या टेबलावर नियमबाह्य ठरत नाही. प्रश्न केवळ सोयीचा आहे.

दुसरा मुद्दा शाफ्टच्या निमुळतेपणाचा. स्नूकरचा शाफ्ट टोकापासून मागे सलग जाड होत जातो. पूलच्या पारंपरिक शाफ्टची जाडी मात्र पुढच्या दहा ते पंधरा इंचांत जवळजवळ एकसारखी असते. पूल खेळणारे पुष्कळदा तर्जनीचे कडे करून त्यातून क्यू सरकवतात. शाफ्ट सलग जाड होत गेला तर प्रत्येक स्ट्रोकला ते कडे ढकलले जाते आणि बोटांना क्यू अडतो. आपण स्नूकरच्या सवयीने उघडा ब्रिज करत असाल, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या खाचेवरून क्यू सरकवत असाल, तर हा फरक आपल्याला फारसा जाचणार नाही.

तिसरा मुद्दा डिफ्लेक्शनचा. सगळी महागडी खरेदी याच एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून इथे थांबून नीट सांगतो. आपण उजवी साइड देऊन मारले, तर पांढरा बॉल क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सरकून निघतो, यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या अवधीत शाफ्टचा फक्त पुढचा काही इंचांचा भाग बाजूला ढकलला जातो. बटाला (क्यूच्या मागच्या जाड भागाला), त्यावरच्या नक्षीला किंवा जॉइंटला या घटनेची खबरही लागलेली नसते. पुढच्या भागाचे वजन जितके कमी, तितका तो भाग सहज बाजूला होतो आणि तितका पांढरा बॉल रेषेवर राहतो. कोलोराडो राज्य विद्यापीठातले यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सियाटोरे यांनी हे वेगवान कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणातून आणि मोजमापांतून दाखवले आहे. यावरून एक गोष्ट उघड होते : क्यू घेताना पैसे पुढच्या भागासाठी मोजावेत, बटावरची जडावाची कलाकुसर डोळ्यांसाठी असते.

याच तत्त्वावर १९९४ मध्ये प्रिडेटर या कंपनीचा ३१४ हा शाफ्ट आला. मेपलच्या अनेक पट्ट्या चिकटवून तो तयार केलेला होता आणि त्याचे टोक आतून पोकळ ठेवले होते. पुढे अनेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीचे असे शाफ्ट काढले. २०१६ मध्ये त्याच कंपनीचा रेव्हो हा कार्बन फायबरचा शाफ्ट आला आणि त्यानंतर काही वर्षांतच व्यावसायिक स्पर्धांत काळे शाफ्ट सर्रास दिसू लागले. कार्बनच्या नळीचे टोक हलके ठेवूनही ती मजबूत राहते. ती वाकत नाही, दमट हवेत फुगत नाही, आणि टेबलाच्या कडेवर आपटली तरी तिच्यावर सहसा खोच पडत नाही.

एक गैरसमज मात्र पार्लरमध्ये रोज ऐकू येतो. कमी डिफ्लेक्शनचा शाफ्ट जास्त स्पिन देतो, असे म्हणतात. तसे नाही. पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापलीकडे टिप लागली की ती निसटते, मग शाफ्ट कोणताही असो. आणि त्या मर्यादेच्या आत स्पिन किती मिळेल, हे टिप कुठे लागली आणि क्यू किती वेगाने आला यावर ठरते. अशा शाफ्टमुळे साइड देताना नेम कमी सरकवावा लागतो, एवढाच फायदा आहे, आणि तो लहान नाही. पण जो खेळाडू वर्षानुवर्षे साध्या मेपलने खेळतो, त्याच्या डोळ्यांत ती भरपाई मुरलेली असते. नव्या शाफ्टने त्याचे सोपे बॉलही काही काळ चुकू लागतात. फिलिपिन्सचे खेळाडू एफ्रेन रेयेस यांनी १९९४ ची यू. एस. ओपन नाइन-बॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा हे तंत्र नुकतेच बाजारात येत होते. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी भरीव मेपलच्या शाफ्टनेच खेळ गाजवला.

माझे मत विचाराल, तर स्नूकरमधून येणाऱ्याने १२.४ ते १२.७५ मिलिमीटरचा, कमी डिफ्लेक्शनचा मेपल शाफ्ट घ्यावा. एकदम तेरा मिलिमीटरला गेल्यास टिपेचे टोक डोळ्यांपुढे भिंतीसारखे उभे राहते.

जुना_क्यूइस्ट

वरील लेखकांचे विवेचन वाचले. त्यांनी दिलेले नियमच हाताशी धरून मी उलट निष्कर्ष काढतो.

डिफ्लेक्शन शाफ्टच्या पुढच्या भागाच्या वजनावर अवलंबून असते, हे मान्य. पण ते त्या वजनाचे बॉलच्या वजनाशी जे प्रमाण पडते, त्यावर अवलंबून असते. साडेनऊ मिलिमीटरच्या अ‍ॅश शाफ्टचे टोक, पितळी फेरूल धरूनही, जाड भरीव मेपलपेक्षा सहसा हलकेच भरते. आणि समोरचा बॉल तर १४० ऐवजी १७० ग्रॅमचा. म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या हातातल्या क्यूने पूलचा बॉल स्नूकरच्या बॉलपेक्षाही कमी सरकणार. ज्या गुणासाठी लोक आयातीचे पैसे मोजतात, तो त्यांच्या जुन्या क्यूत आधीच बराचसा आहे.

दुसरे असे की अ‍ॅशच्या शाफ्टवर रेषांचे जे बाण उठलेले असतात, ते नेम धरताना उपयोगी पडतात. बटाचा सपाट केलेला भाग दर वेळी तळहाताला त्याच जागी लागला की बाण वर येतात, आणि क्यू प्रत्येक शॉटला त्याच बाजूने बॉलवर जातो. लाकूड हे नैसर्गिक असल्यामुळे त्याची प्रत्येक बाजू थोडी वेगळी वागते. म्हणून हे सातत्य महत्त्वाचे. गुळगुळीत मेपलवर अशी खूण दिसत नाही, आणि काळ्या कार्बनवर दिसण्याचा प्रश्नच नाही. अनेकांना ते सोयीचे वाटते, कारण डोळा विचलित होत नाही. मला ते आंधळेपणाने मारल्यासारखे वाटते.

आपल्याकडे क्यूचा खेळ क्लबांतून आणि जिमखान्यांतून वाढला, तोही बिलियर्ड्स आणि स्नूकर या अंगाने. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवले आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय होते. त्यांच्यामागून मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी अशी परंपरा चालत आली. त्यामुळे मुंबई-पुण्यातला चांगला पूल खेळाडू पुष्कळदा स्नूकरच्या टेबलावरच तयार झालेला असतो, आणि बारीक टिपेची सवय हे त्याचे भांडवल असते. ते बाजूला ठेवून इतर लोक काय वापरतात याची चौकशी करणे मला उलटे वाटते.

पूलच्या बॉलवर अ‍ॅशचा क्यू दोन ठिकाणी कमी पडतो, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. एक, ब्रेक; त्यासाठी तो चुकूनही वापरू नये. दुसरे, पूर्ण टेबलाच्या लांबीवरचा ड्रॉ. पण त्यातही निम्मा दोष टिपेचा असतो. स्नूकरसाठी लावलेली मऊ, चॉक (टिप निसटू नये म्हणून लावायची पूड) मुरवलेली निळी टिप जड बॉलवर दबते. मध्यम कडकपणाची, थरांची टिप लावून पाहा आणि मग बोला.

टिपवाला_दादर

मी क्यूच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून माझ्या टेबलावर जे येते त्यावरून लिहितो.

जुना_क्यूइस्ट यांचे डिफ्लेक्शनबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. परंतु जे स्नूकरच्या क्यूने रोज पूल खेळतात, त्यांचे क्यू माझ्याकडे वारंवार येतात आणि तक्रार जवळजवळ ठरलेली असते : टिप बाजूने पसरून छत्रीसारखी फेरूलच्या बाहेर आलेली असते, कधी पितळी फेरूल सैल झालेले असते, आणि काही वेळा फेरूलच्या लगेच मागे लाकडात रेषेच्या दिशेने बारीक चीर गेलेली असते. बारीक टोकावर जड बॉलचा मार दिवसेंदिवस बसत राहिला, की हे व्हायचेच. फेरूल बदलता येते. पण चीर पुढे सरकली की टोक कापून क्यू आखूड करावा लागतो, आणि टोक कापले की टिपेची जाडी आणि क्यूचा तोल दोन्ही बदलतात. ज्या क्यूवर आपला जीव आहे, त्याच्याशी असे वागू नये.

टिपेबद्दल लोक क्यूच्या मानाने फारच कमी विचार करतात, म्हणून हा भाग मुद्दाम वाढवतो. चामड्याची टिप फ्रान्समधल्या मँगो नावाच्या एका कप्तानाच्या नावावर सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती गोष्ट. त्याआधी नुसत्या लाकडाने मारत. स्पिनचा सगळा खेळ त्या चामड्यामुळे आणि त्यावरच्या चॉकमुळे शक्य झाला. आज बाजारात एका तुकड्याच्या टिपा मिळतात आणि डुकराच्या चामड्याचे पातळ थर चिकटवलेल्या टिपाही मिळतात. एका तुकड्याची टिप स्वस्त असते, पण एकाच डबीतल्या दोन टिपा सारख्या निघतील याची हमी नसते. एक दगडासारखी लागते, तर दुसरी महिन्याभरात बसते. थरांची टिप महाग असली तरी एकसारखी वागते आणि कमी पसरते. माझ्याकडे येणारे पूल खेळाडू खेळण्याच्या क्यूला बहुतेक मध्यम कडकपणाची थरांची टिप लावून घेतात. मऊ टिप चॉक चांगला धरते आणि आवाज गोड देते, पण तिची निगा सतत राखावी लागते.

टिप लावून घेताना समोर उभे राहून पाहावे. फेरूलचे तोंड काटकोनात सपाट केले आहे का, टिपेची खालची बाजू कागदावर घासून सपाट केली आहे का, जुना गोंद पूर्ण निघाला आहे का, या तीन गोष्टी झाल्या नाहीत तर टिप पुढच्या आठवड्यात उडणार. गोंद वाळल्यावर क्यू उलटा धरून, टिप पाटावर दाबून, कडेचे जादा चामडे पातीने फेरूलच्या बरोबरीला कापतात. मग कड किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने घासतात, म्हणजे ती चकचकीत आणि कडक होते. ही शेवटची घासणी गडबडीत टाळली, तर तीच टिप लवकर पसरते.

गोलाईचाही विचार व्हावा. टिपेचा घुमट जितका टोकदार, तितकी हाताची छोटी चूक बॉलवर मोठी होऊन उमटते, कारण शाफ्ट थोडा बाजूला गेला तरी स्पर्शाचा बिंदू अधिक सरकतो. जाड टिपेचा घुमट चपटा ठेवता येतो, म्हणून ती मध्यावर मारताना चूक पोटात घालते. जाड टिप क्षमाशील असते असे जे म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

प्रश्नकर्त्यांसाठी एक मधला मार्गही आहे. चीनमधून लोकप्रिय झालेला हेबॉल हा खेळ पूलच्या आकाराच्या बॉलने, पण स्नूकरसारख्या गोल ओठांच्या पॉकेटवर खेळतात. त्यासाठी बनवलेले क्यू घडणीने स्नूकरचे, पण टोकाला जाड असतात. टिप साधारण १० ते ११.५ मिलिमीटर, लाकूड अ‍ॅश किंवा मेपल. बाण हवेत, बटाचा सपाट भाग हवा आणि तरीही जड बॉल पेलायचा आहे, त्यांनी हा प्रकार हातात घेऊन पाहावा.

ब्रेक_अँड_रन

ब्रेकसाठी पार्लरचाच सर्वांत सरळ हाउस क्यू निवडावा आणि आपला क्यू पिशवीत ठेवावा. माझ्या माहितीतले बरेच लोक हेच करतात. वेगळा ब्रेक क्यू, कडक टिप आणि जाड टोक असलेला, ही पुढची चैन आहे.

न्यू_जर्सीकर

इकडच्या पूल हॉलमधल्या आणि लीगमधल्या अनुभवावरून लिहितो, कारण मूळ प्रश्न पसंतीचा आहे.

इथे लीगमध्ये खेळणाऱ्याच्या पिशवीत सहसा खेळण्याचा एक आणि ब्रेकचा एक असे दोन क्यू असतात. काहींकडे पांढरा बॉल दुसऱ्या बॉलवरून उडवण्यासाठी आखूड क्यूही असतो. खेळण्याच्या क्यूबाबत वयाप्रमाणे फरक दिसतो. ज्येष्ठ मंडळी अजून तेरा मिलिमीटरच्या साध्या मेपलवर आणि आयरिश लिनन गुंडाळलेल्या बटावर खूश आहेत. तरुण मुले मात्र पहिलाच क्यू कार्बनचा घेतात. शाफ्टची जाडीही कमी होत चालली आहे, ११.८ आणि १२.४ मिलिमीटर हे आकडे आता नवलाचे राहिलेले नाहीत. म्हणजे स्नूकरवाल्यांची बारीक टिपेची आवड आणि पूलवाल्यांची आवड ही एकमेकांच्या दिशेने सरकत आली आहेत.

कार्बनविषयी माझे दोन आक्षेप आहेत. त्याचा आवाज पोकळ येतो आणि हाताला बॉलची बातमी कमी मिळते. काही कंपन्या आत फोम भरून तो आवाज दाबतात, पण लाकडाचा ठोका वेगळा तो वेगळाच. दुसरा आक्षेप किमतीचा : एका कार्बन शाफ्टच्या पैशांत मेपलचा चांगला पूर्ण क्यू येतो, आणि वर टिपा बदलण्याचा काही वर्षांचा खर्च निघतो. मी स्वतः कमी डिफ्लेक्शनच्या मेपलने खेळतो आणि बदलण्याचा विचार नाही.

स्नूकरमधून येणाऱ्यांसाठी सर्वांत चांगले उदाहरण अ‍ॅलिसन फिशर यांचे आहे. महिलांच्या स्नूकरचे जगज्जेतेपद अनेकदा मिळवून त्या १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पूलकडे वळल्या आणि पुढच्याच वर्षी नाइन-बॉलच्या जगज्जेत्या झाल्या. त्यांनी हनुवटी क्यूवर टेकवण्याची स्नूकरची ठेवण आणि सरळ स्ट्रोक सोडला नाही, पण क्यू मात्र पूलचा घेतला. माझ्या मते यात प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. उभे राहण्याची पद्धत तुमची राहू द्या. हत्यार टेबलाप्रमाणे बदला. फक्त एकाच संध्याकाळी दोन्ही टेबलांवर दोन्ही क्यू फिरवू नयेत. डोळ्यांना कोणत्या भरपाईने नेम धरायचा तेच उमगत नाही.

नाइनबॉल_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. टिपवाला_दादर यांनी सांगितलेली चीर वाचल्यावर रात्री क्यू दिव्याखाली धरून पाहिला. चीर नाही, पण टिप छत्रीसारखी पसरली आहे हे खरे. स्नूकरचा क्यू पूलसाठी वापरणे बंद करतो आहे.

आता मन कमी डिफ्लेक्शनच्या मेपलकडे झुकते आहे. तीन शंका उरल्या. वजन किती घ्यावे? पावसाळ्यात मेपलचे काय होते, कारण आमच्या पार्लरचे एसी कधी चालू तर कधी बंद असते? आणि पुढेमागे कार्बनचा मोह झालाच, तर फक्त शाफ्ट बदलून चालेल का?

टिपवाला_दादर

पावसाळ्याचे मी सांगतो. शाफ्ट वाकतो तो बहुधा हवेपेक्षा ठेवण्याच्या पद्धतीमुळे. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला क्यू आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेला क्यू, हे दोन प्रकार सर्वांत जास्त बिघडून येतात. जॉइंट उघडून, दोन्ही तोंडांना टोपणे लावून, क्यू कडक पेटीत ठेवावा. दमट हवेत शाफ्ट चिकट लागू लागला की लोक पावडर फासतात. ती कापडावर सांडते आणि पार्लरचा मालक रागावतो ते योग्यच आहे. त्याऐवजी किंचित ओलसर कापडाने शाफ्ट पुसून लगेच कोरड्या कापडाने जोरात घासावा, किंवा तीन बोटांचा हातमोजा घालावा. वाळूचा कागद मात्र लावू नये. चिकटपणा घालवायला दर आठवड्याला कागद मारून बारा मिलिमीटरच्याही खाली आणलेले शाफ्ट मी पाहिले आहेत.

विकत घेताना क्यू जोडून लोळवून पाहावाच, पण नंतर शाफ्ट वेगळा काढून एकटाही लोळवावा. जोडलेला क्यू डोलत असेल आणि एकटा शाफ्ट सरळ फिरत असेल, तर दोष जॉइंटच्या तोंडात किंवा बटात आहे.

हिरवे_टेबल

वजनाबद्दल : आपला स्नूकरचा क्यू १८ औंसांचा आहे, म्हणून १९ औंसांपासून सुरुवात करावी. पूलच्या बहुतेक क्यूंत बटाच्या मागच्या टोकाला वजनाचा बोल्ट असतो आणि तो बदलून औंसभर इकडेतिकडे करता येते, तेव्हा या निर्णयाचे फार ओझे घेऊ नये. तोल अधिक महत्त्वाचा. थ्री-क्वार्टर जॉइंटच्या क्यूनंतर मधोमध जॉइंट असलेला क्यू पुढच्या हाताला वेगळा लागतो. दुकानात चार-दोन क्यू हातात घेऊन, ब्रिज करून, नेहमीच्या ठेवणीत उभे राहून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमानाने मागवणार किंवा आणणार असाल, तर क्यू केबिनमध्ये नेता येत नाही. तो चेक-इन सामानातच द्यावा लागतो, म्हणून कडक पेटी त्याच वेळी घ्यावी.

शाफ्ट बदलण्याबद्दल : बटातला पिन (ज्यावर शाफ्ट बसतो तो) कोणत्या प्रकारचा आहे, हे आजच विचारून घ्यावे. झटपट लागणारा युनि-लॉक, रेडियल, तीन-अष्टमांश बाय दहा, पाच-सोळांश बाय चौदा असे अनेक प्रकार आहेत आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्यावर बसत नाही. पिन प्रचलित प्रकारचा असेल, तर पुढे कार्बनचाच काय, कोणत्याही कंपनीचा शाफ्ट त्याच बटावर लावता येईल. जॉइंटच्या कड्याचा व्यासही जुळवून घ्यावा. तो जुळला नाही तर शाफ्ट घट्ट बसतो, पण जोडावर बोटाला पायरी लागते. काही कंपन्या स्वतःचाच पिन वापरतात. असा क्यू कितीही आवडला, तरी त्याचा दुसरा शाफ्ट पुण्या-मुंबईत मिळतो का, ते दुकानदाराकडून लिहून घ्यावे आणि मगच व्यवहार करावा.